गोतो बेटांवरची चर्च पाहायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानहून परत आल्यावर लोक तोक्यो, क्योतो, फुजी असं विचारतात. मी 'गोतो' म्हटलं की समोरचा क्षणभर गप्प होतो आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. गेली दोन वर्षं तेच ते प्रश्न व्हॉट्सॲपवर टाइप करून बोटं दुखली, म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. मी वसईचा आहे. त्यामुळे काही ठिकाणी गाडी वसईकडे वळेल, त्याला इलाज नाही.

गोतो म्हणजे नेमकं कुठे?

नागासाकी बंदरातून पश्चिमेला साधारण १०० किलोमीटर, पूर्व चीन समुद्रात. 'गो' म्हणजे पाच, 'तो' म्हणजे बेट. मोठी पाच म्हणजे फुकुए, हिसाका, नारू, वाकामात्सु आणि नाकादोरी. लहानमोठी सगळी धरली तर शंभराच्या वर जातात आणि त्यातल्या बहुतेकांवर कुणी राहत नाही. खालच्या बाजूला फुकुए हे मोठं गाव. तिथे विमानतळ, दवाखाने, भाड्याच्या गाड्या, सुपरमार्केट सगळं मिळतं. वरच्या बाजूला नाकादोरी. त्याच्याही उत्तरेला ओजिका आणि त्याच्या शेजारचं ओसाड नोझाकी.

तिथे पाहायचं काय? जपानमध्ये देवळं सोडून चर्च कशाला पाहायची?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि तो रास्त आहे.

२०१८ साली युनेस्कोने नागासाकी परिसरातल्या लपून राहिलेल्या ख्रिस्ती लोकांच्या १२ जागा जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या. त्यातल्या चार या बेटांवर आहेत : नोझाकी, काशिरागाशिमा, हिसाका आणि नारूवरचं एगामी गाव. युनेस्कोने मान दिला तो एकेकट्या इमारतीला नाही, गावाला. चर्च हा त्या गोष्टीचा शेवटचा अध्याय. आधीची अडीचशे वर्षं तिथे चर्चच नव्हतं, आणि खरी गोष्ट त्या नसण्याची आहे.

थोडक्यात सांगतो. १५४९ साली फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला उतरला. त्याच्यासोबत आंजिरो नावाचा कागोशिमाचाच माणूस होता, ज्याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी आपल्या गोव्यात झाला होता. १५६६ साली लुईस द आल्मेदा हा पोर्तुगीज शल्यवैद्य-धर्मबंधू आणि लोरेन्सो हा अधू डोळ्यांचा जपानी धर्मबंधू (आधी बिवा हे तंतुवाद्य वाजवत गावोगाव फिरणारा) असे दोघे फुकुएला आले. तिथला सरदार आजारी पडला, आल्मेदाने त्याला बरं केलं आणि लोक ऐकायला लागले. मग १५८७ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने धर्मगुरूंना देश सोडायला सांगितलं, १६१४ मध्ये त्याच्यानंतर सत्तेवर आलेल्या तोकुगाव घराण्याने देशभर बंदी घातली आणि १६३७-३८ च्या शिमाबाराच्या उठावानंतर फास आणखी आवळला. गोतोतले पहिले ख्रिस्ती यात जवळजवळ पुसले गेले.

मग आता जे आहेत ते कुठून आले?

समोरच्या किनाऱ्यावरून. नागासाकीजवळच्या सोतोमे भागात माणसं जास्त आणि जमीन कमी होती. गोतोच्या सरदाराकडे उलट, जमीन पडून आणि कसायला माणूस नाही. १७९७ साली ओमुरा आणि गोतो या दोन संस्थानांत करार झाला आणि सोतोमेचे १०८ शेतकरी बोटीने इकडे आले. मागून येत येत हा आकडा ३,००० च्या आसपास गेला. कागदोपत्री सगळे बौद्ध. प्रत्यक्षात त्यातले बरेच जण पाच-सहा पिढ्या गुपचूप माळ जपणारे.

चांगली जमीन अर्थातच आधीपासून राहणाऱ्यांकडे होती. नव्यांना मिळाली ती डोंगराची उतरण, नाहीतर बोटीशिवाय पोचता येणार नाही अशी खाडीच्या कोपऱ्यातली जागा. त्यांना 'इत्सुकी' म्हणत, म्हणजे येऊन वसलेले. कोकणात 'उपरा' शब्द ज्या सुरात म्हणतात, साधारण तोच सूर. म्हणूनच आज आपण चर्च शोधत जातो तेव्हा ते दर वेळी रस्ता संपतो तिथेच सापडतं. चिडू नका. त्या जागेचा इतिहासच तो आहे.

ते लपले कसे? कुणाला कळलं कसं नाही?

अगदीच कळलं नसेल असं नाही. शेजाऱ्याला शेजाऱ्याचं बहुतेक सगळं माहीत असतं, हे वाड्या-वस्तीत राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. पण वरवर सगळं नियमाप्रमाणे चालू असायचं. नाव बौद्ध मंदिराच्या वहीत, वर्गणी शिंतो देवस्थानाला. घरी मारियेच्या जागी कान्नोनची मूर्ती, म्हणजे आपल्याकडच्या अवलोकितेश्वराचं तिकडे गेलेलं स्त्रीरूप. मयताला भिक्षू येऊन सूत्रं म्हणायचा, तेव्हा दुसऱ्या खोलीत घरचे लोक ती सूत्रं 'पुसायची' प्रार्थना पुटपुटत.

धर्मगुरू एकही नाही. मग गावातलाच एक जण सणावारांचा हिशेब ठेवायचा, दुसरा बाप्तिस्म्याचं पाणी घालायचा. प्रार्थनेला शब्द 'ओराशो', लॅटिनमधल्या 'ओरातिओ'वरून आलेला. लॅटिन, पोर्तुगीज आणि जपानी यांची ती भेळ तोंडी पाठ करून पुढच्या पिढीला द्यायची. अर्थ हरवला, चाल राहिली. आपल्याकडे संध्येचे मंत्र म्हणणाऱ्या किती जणांना अर्थ येतो ते आठवा, म्हणजे यात नवल वाटणार नाही.

१८६५ च्या मार्चमध्ये नागासाकीत परदेशी लोकांसाठी नव्याने बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये काही गावकरी आले आणि फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँना त्यांनी हळूच सांगितलं की आम्हीही तुमचेच. बातमी बोटीबोटीने गोतोत पोचली. लोक उघडपणे बोलायला लागले, आणि बंदी तर अजून उठलेली नव्हती.

हिसाकाला जाऊ नका, फार उदास वाटतं, असं कुणीतरी म्हणालं. खरं का?

जा. पण काय पाहणार आहोत ते माहीत असू द्या.

१८६८ साली, म्हणजे मेइजी राजवट आल्यावर, या बेटावरच्या सुमारे २०० ख्रिस्ती लोकांना पकडून एका लहानशा घरात कोंडलं. घराचं क्षेत्रफळ ६ त्सुबो, म्हणजे साधारण २० चौरस मीटर. मुंबईच्या भाषेत सव्वादोनशे चौरस फुटांच्या आतलं वन-आरके, आणि त्यात दोनशे माणसं आठ महिने. बसायला जागा नाही, पाय टेकायला नाही. एकूण ४२ जण दगावले. त्यात म्हातारी माणसं आणि लेकरं बरीच. पाश्चात्त्य देशांनी आरडाओरड केली आणि १८७३ साली बंदीच्या पाट्या उतरल्या.

त्या जागेला 'रोया नो साको' म्हणतात. आता तिथे १९८४ साली बांधलेलं स्मारक-चर्च आहे आणि बाहेर त्या मृतांच्या नावांचे दगड ओळीने लावलेत. मी जपानी अक्षरं अडखळत वाचतो, पण नावाखालचे वयाचे आकडे वाचता आले. तेवढं पुरलं.

याच बेटाच्या दुसऱ्या टोकाला जुनं गोरिन चर्च आहे, आणि माझं मत विचाराल तर सगळ्या गोतोत एकच जागा पाहायची असेल तर ही. १८८१ साली हामावाकी गावात बांधलेलं हे लाकडी चर्च १९३१ मध्ये उकलून गोरिनला आणून उभं केलं. बाहेरून पाहिलंत तर ओळखणार नाही : कौलारू छप्पर, फळ्यांच्या भिंती, एखाद्या मच्छीमाराचं बऱ्यापैकी मोठं घर म्हणावं असं. दार सरकवून आत पाऊल टाका आणि वर बघा. युरोपातल्या दगडी कमानी इथे पातळ फळ्या वाकवून केल्या आहेत. ज्या सुतारांनी केल्या त्यांचा हात घरं नि होड्यांवर बसलेला असणार. छताखाली उभं राहिलं की उलट्या ठेवलेल्या मचव्याच्या पोटात शिरल्यासारखं वाटतं. ऐंशीच्या दशकात शेजारी नवं चर्च झालं तेव्हा हे पाडायचं ठरत होतं, पण लोकांनी वाचवलं. १९९९ पासून ते राष्ट्रीय महत्त्वाची सांस्कृतिक मालमत्ता आहे.

गाडी थेट जात नाही. रस्ता संपतो तिथून किनाऱ्याकाठच्या पायवाटेने दहा मिनिटं चालायचं, नाहीतर फुकुएहून सी-टॅक्सी करायची. वस्तीत आता मोजकीच घरं. मी गेलो तेव्हा एक आजी धक्क्यावर मासे सुकत घालत होत्या. त्यांनी मान हलवून चर्चकडे बोट केलं आणि पुन्हा कामाला लागल्या.

वसईचा संबंध खरंच आहे, की तुम्ही ओढूनताणून आणता?

खरंच आहे. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवलं. त्यातला एक गोन्सालो गार्सिया, जन्म वसईचा, वडील पोर्तुगीज, आई इथलीच. आधी येशूसंघीयांबरोबर जपानला गेला, मग व्यापारात पडला, नंतर मनिलाला फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि जपानी चांगलं येत असल्यामुळे १५९३ मध्ये दुभाषा म्हणून पुन्हा जपानला पोचला. १८६२ साली तो संत झाला. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे आणि गास गावात चर्च.

त्याच २६ जणांत १९ वर्षांचा एक मुलगा होता, गोतोचा योहान. फुकुए बेटावरच्या दोझाकी चर्चसमोर त्याचा पुतळा आहे. वसईकराने तिथे उभं राहून काय वाटून घ्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मी बराच वेळ उभा राहिलो, एवढंच सांगतो.

जाता-येता नागासाकीत थांबणारच आहात, तर निशिझाका चुकवू नका. स्टेशनपासून पायी पाच-सात मिनिटं. १९६२ सालच्या स्मारकात २६ जण ओळीने उभे आहेत.

आणि एक मनात राहिलेलं. वसई किल्ल्यात चर्चच्या भिंती उभ्या आहेत, छप्परं गेली. १७३९ नंतर तिथे नेहमीचा मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) नाही. पण किल्ल्याबाहेर नाताळात रस्ता ओलांडता येत नाही इतकी माणसं. गोतोत नेमकं उलटं आहे : छप्पर, रंग, खिडक्या सगळं ठाकठीक आणि बाकं रिकामी. तरुण फुकुओकाला, नागासाकीला जातात. काही चर्चमध्ये मिस्सा आता अधूनमधूनच होतो. पाहायचं असेल तर फार लांबणीवर टाकू नका.

चर्चमध्ये सरळ आत जाता येतं का?

नाही, आणि याच बाबतीत आपल्या लोकांची फजिती होते. ही संग्रहालयं नाहीत, धर्मग्रामांची प्रार्थनाघरं आहेत. वारसा यादीतल्या गावांची चर्च (एगामी, जुनं गोरिन, काशिरागाशिमा, नोझाकीवरचं नोकुबी) पाहायची तर आधी कळवावं लागतं. नागासाकीच्या चर्च माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर इंग्रजीत अर्ज भरता येतो. दिवस आणि अंदाजे वेळ टाकायची. एखाद्या दिवशी मयत किंवा लग्न असलं तर चर्च बंद, हेही तिथेच कळतं.

आत बूट काढायचे. म्हणजे पायात मोजे हवेत, आणि भोक नसलेले हवेत. टोपी काढा. आत फोटो काढू नका, मोबाइल 'नुसता हातात' धरून पुढे जाऊ नका, वेदीच्या पायऱ्यांवर पाय ठेवू नका, बाकावर बसून बिस्किटं काढू नका. बाहेरून फोटो हवे तेवढे. दाराशी पेटी असते, त्यात यथाशक्ती टाका, त्यातूनच छप्पर शाकारलं जातं. दोझाकी तेवढं अपवाद : ते आता संग्रहालय आहे, तिकीट काढून आत जायचं.

रविवारी सकाळी पर्यटन नको. तुम्ही कॅथलिक असाल तर मिस्साला जरूर बसा, भाषा कळली नाही तरी कुठे उभं राहायचं नि कुठे गुडघे टेकायचे ते आपोआप कळतं. ख्रिस्ती नसाल तरी कुणी हरकत घेत नाही, मागच्या बाकावर शांत बसलात की झालं.

सगळीच चर्च सारखी दिसतात का? किती पाहावीत?

या बेटांवर पन्नासच्या आसपास चर्च आहेत. दिवसाला चारच्या वर पाहिलीत तर तिसऱ्या दिवशी कुठलं कुठे होतं ते आठवणार नाही. अनुभवाचे बोल आहेत.

बऱ्याच चर्चमागे एकच माणूस आहे, तेत्सुकावा योसुके. जन्म १८७९, नाकादोरी बेटावरचा, सुतारांच्या घराण्यातला. फ्रेंच धर्मगुरूंकडून कमानींचं गणित शिकला, तिसाहून जास्त चर्च बांधली आणि स्वतः शेवटपर्यंत बौद्धच राहिला. ९७ व्या वर्षी गेला. कुणी त्याला धर्म बदल म्हणालं नसेल का? म्हणालं असेलही. पण कामाशी काम, हे त्याचं मला फार आवडतं.

त्याची दोन कामं जवळून पाहा. पहिलं नारूवरचं एगामी, १९१८ सालचं. सोतोमेहून आलेल्या चार कुटुंबांपासून वाढलेलं गाव. किबिनागो नावाच्या बोटाएवढ्या चंदेरी माशाच्या जाळ्यावर पैसे जमवून लोकांनी हे चर्च उभं केलं. झाडीत लपलेली दुधाळ रंगाची भिंत, निळसर खिडक्या. जागा दमट, म्हणून जोतं जमिनीपासून उचललेलं. आत खांबांपाशी जा आणि नाक लावून बघा : लाकडाच्या रेषा या लाकडाच्या नाहीत, कुणीतरी कुंचल्याने काढलेल्या आहेत. साध्या लाकडाला भारी लाकडाचं रूप द्यायला एकेक शीर हाताने रंगवली. खिडक्यांच्या साध्या काचांवर फुलंही हातानेच काढलेली, कारण रंगीत काच परवडणार नव्हती. मला त्या खोट्या रेषांनी जेवढं गलबलून आलं तेवढं नागासाकीच्या मोठ्या चर्चने आलं नाही.

दुसरं काशिरागाशिमा. हे दगडी, आणि जपानमध्ये दगडी चर्च दुर्मीळ. १९१० ला काम सुरू झालं, १९१९ ला संपलं, मध्ये पैसे संपून कामही थांबलं. दगड इथलाच वालुकाश्म, गावकऱ्यांनी फोडून वाहिलेला. काही चिऱ्यांवर कोरलेले आकडे अजून दिसतात. बाहेरून किल्ल्यासारखं जाड आणि आत शिरलं की निळ्या-गुलाबी फुलांची छताला नुसती उधळण. मध्ये एकही खांब नाही. कॅमेलिया हे बेटांचं फूल, आणि इथल्या चर्चमध्ये ते जागोजागी कोरलेलं-रंगवलेलं दिसतं. आपली गाडी थेट नेता येत नाही. जुन्या, बंद पडलेल्या विमानतळावर ठेवून शटल बस घ्यायची.

शेजारच्या नाकादोरीवर आओसागाउराचं लाल विटांचं चर्च (१९१०) आहे, तेही त्याचंच. फुकुएवर मिझुनोउराचं पांढरंशुभ्र लाकडी चर्च (१९३८) फोटोत सुरेख येतं. ही वाटेत लागली तर पाहा, धावपळ करून नको.

नोझाकीला जावं का?

पायात ताकद आणि हातात वेळ असेल तर. गाव १९७० च्या सुमारास उठलं. नोकुबी वाडीतली शेवटची घरं १९७१ ला गेली. आता पडक्या बांधांच्या पायऱ्या-पायऱ्यांची उतरण, शेकडो हरणं आणि टेकाडावर एकटं विटांचं चर्च, १९०८ सालचं, तेत्सुकावाचं विटांचं पहिलं चर्च. ते बांधलं तेव्हा वाडीत घरं होती १७. विटांच्या चर्चसाठी १७ घरांनी पोटाला चिमटा कसा घेतला असेल, याचा विचार तिथल्या पायऱ्यांवर बसून करावा.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला जुनं शिंतो देवस्थान आहे, मागे राक्षसी शिळांची कमान. लपलेले ख्रिस्ती याच देवाचे भाविक म्हणून नावं लावून राहत. म्हणजे त्यांची गोष्ट पुरी पाहायची तर दोन्ही टोकं पाहायला हवीत, पण देवस्थानाची वाट दमवणारी आहे आणि वाटाड्याशिवाय जाऊ नये.

ओजिकाहून गावची लहान बोट दिवसातून दोनदा जाते. जाण्याआधी ओजिकाच्या पर्यटन केंद्राला कळवावं लागतं. बेटावर दुकान नाही. पाणी, खाणं सोबत न्यायचं आणि कचरा सोबत आणायचा.

पोचायचं कसं?

फुकुओकाहून विमानाने फुकुए साधारण ४० मिनिटं, नागासाकीहून ३०. बोटीने नागासाकी ते फुकुए जेटफॉइल (वेगवान बोट) दीड तासाच्या आत, आणि गाड्या नेणारी मोठी फेरी तीन तासांच्या वर. मोठी फेरी म्हणजे वसई-भाईंदर रो-रोची थोरली बहीण समजा, फक्त आत गालिचा घातलेली मोकळी जागा असते, तिथे उशी घेऊन आडवं व्हायचं.

माझी आवडती आहे ती फुकुओकाच्या हाकाता बंदरातून मध्यरात्रीच्या थोडी आधी सुटणारी रात्रीची फेरी. पहाटे पाचच्या आत ओजिका, मग एकेक बेट करत सकाळी आठनंतर फुकुए. हॉटेलचा खर्च वाचतो आणि उजाडताना बेटं धुक्यातून वर येताना दिसतात.

फुकुए ते हिसाका बोटीने अर्ध्या तासाच्या आत, नारू अर्धा-पाऊण तास. काशिरागाशिमाला मात्र फुकुएहून निघून नाकादोरीला उतरून पुढे गाडीने जायचं. नकाशात जवळ दिसतं, पण बोटींच्या वेळा जुळवताना अर्धा दिवस जातो. वेळापत्रक आधी काढा, मग हॉटेल. उलटं केलंत तर रडाल.

बोट लागते. काय करू?

गोळी आधी घ्या, लागल्यावर नाही. हिवाळ्यात समुद्र खवळलेला असतो. जेटफॉइल पाण्यावर उचलून धावते म्हणून कमी हलते, पण लाटा चढल्या की रद्दही आधी तीच होते.

'केक्को' हा शब्द पाठ करा, म्हणजे 'फेरी रद्द'. गंमत अशी की 'केक्को' याच उच्चाराचा दुसरा शब्द 'छान, पुरे' या अर्थाने दुकानात सारखा ऐकू येतो. धक्क्यावरच्या फलकावर दिसला तर तो छान नव्हे. मी नारूवर दोन रात्री अडकलो होतो आणि फुकुओकाचं परतीचं विमान गेलं. विमान कंपनीने दमडी परत दिली नाही. तेव्हापासून बेटांनंतर एक रिकामा दिवस ठेवल्याशिवाय परतीचं तिकीट काढत नाही.

कधी जावं?

मार्च ते मे, किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. कॅमेलिया पाहायचा तर फेब्रुवारी. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथला पाऊस, ऑगस्ट-सप्टेंबर वादळांचे. तरी ऑगस्टच्या मध्याला ओबोन या पितरांच्या सणात फुकुएला चान्कोको नावाचा नाच असतो. कमरेला गवताचा घागरा, गळ्यात ढोल, पितरांसाठी घराघरांपुढे नाचणारे तरुण. योगायोगाने तेव्हा तिथे असाल तर सोडू नका.

गाडी चालवता येते का?

हो. भारताचा आंतरराष्ट्रीय परवाना चालतो, आरटीओतून निघण्याआधी काढून घ्या आणि मूळ लायसन्सही सोबत ठेवा. रस्ता आपल्यासारखाच डाव्या बाजूचा. वळणं घाटासारखी, पण कुणी मागून हॉर्न वाजवत नाही, त्यामुळे सुरुवातीला चुकल्या-चुकल्यासारखं होतं. छोटी गाडी मागा. गल्ल्या अरुंद आहेत. लहान बेटांवर गाड्या मोजक्याच, म्हणून आधी सांगून ठेवा.

शाकाहारी माणसाचं काय?

खरं सांगू? कठीण आहे. गोतोचे उदोन (गव्हाच्या नूडल्स) प्रसिद्ध आहेत. बारीक, ओढून लांब करताना कॅमेलियाचं तेल लावलेले, उकळत्या भांड्यातूनच उचलून खायचे. पण रस्सा उडत्या माशाचा. 'भाजीचं आहे' म्हणाले तरी रस्सा माशाचाच असतो, त्यांच्या लेखी ते मांसाहारात मोजत नाहीत. मुक्कामाच्या घरी आठवडाभर आधी जपानीत लिहून कळवा : मासा नाही, माशाचं पाणी नाही. बहुतेक जण मनापासून काहीतरी करतात. सोबत मेतकूट, चटणी, दशम्या असू द्या. मांस, ताजी फळं, भाज्या मात्र बॅगेत नकोत, विमानतळावर काढून घेतात.

एक गोष्ट मात्र बिनमाशाची आहे : कान्कोरो मोची. रताळ्याच्या चकत्या उकडून वाऱ्यावर वाळवायच्या आणि तांदळाच्या मोचीत (चिकट गोळ्यात) कुटून वडी करायची. ज्यांना उतरणीवर भात पिकवता आला नाही त्यांचं हे खाणं. कडेने थोडी भाजून घ्या, चहासोबत छान लागते.

मासे खाणाऱ्यांनी हा प्रश्न वाचायचीच गरज नव्हती. मजा करा.

चर्च सोडून काही?

आहे की. फुकुए बेटाच्या मिइराकु टोकावरून जपानचे दूत चीनला निघत, पुढे नुसता समुद्र. ८०४ साली कुकाई हा बौद्ध भिक्षू याच बाजूने गेला आणि चीनमध्ये संस्कृत नि ती लिहायची सिद्धम् लिपी शिकून आला. जपानी मुळाक्षरं 'अ इ उ ए ओ, क, स, त, न' अशा क्रमाने लागतात ते अशाच सिद्धम् शिकलेल्या भिक्षूंमुळे. बाराखडी म्हटलेल्या माणसाला तो क्रम ऐकून घरी आल्यासारखं वाटतं. परतीत कुकाई जिथे राहिला असं सांगतात ते म्योजोइन मंदिर फुकुएत आहे. छताच्या चौकटींतली १२१ चित्रं मान दुखेपर्यंत बघा.

फुकुए गावात इशिदा किल्ला आहे. पुरा झाला १८६३ मध्ये आणि १८७२ मध्ये पाडला. नऊ वर्षांचा किल्ला! आता आत शाळा भरते. ओनिदाके नावाचा हिरव्या गवताचा निजलेला ज्वालामुखी संध्याकाळी चढायला सोपा.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. झेपेल?

फुकुए आणि नारू झेपेल. दोझाकी नि एगामीला चालणं थोडं आहे. गोरिनच्या पायवाटेला काठी हवी. नोझाकी नको.

किती दिवस, किती पैसे?

चार रात्री किमान, सहा बऱ्या. रोख रक्कम जवळ ठेवा, घरगुती मुक्कामांत आणि सी-टॅक्सीत कार्ड चालेलच असं नाही. पोस्टाच्या एटीएममधून आपलं कार्ड चालतं, पण लहान बेटांवर ते संध्याकाळी लवकर बंद होतं. व्हिसा लागतो, तो मुंबईतूनच करून निघायचं.

येताना काय आणू?

बारामोन पतंग दिसायला जबरदस्त, योद्ध्याचं शिरस्त्राण चावणारा राक्षस, पण आणताना काड्या मोडतात, लहान आकाराचाच घ्या. कॅमेलियाचं तेल केसांना नि कढईला दोन्हीकडे चालतं. बाटली चेक-इन बॅगेत, झाकणाला चिकटपट्टी लावून, वर प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर दुसरी. मी एकच पिशवी लावली होती. माझ्या लोकरीच्या स्वेटरला अजून गोतोचा वास आहे.